धरण बघायला आलेल्यांना परत पाठवू नका

भाद्रपद सरत आला होता. सोयाबीन काढणीला आलेलं, दुपार कलली की आभाळ भरून यायचं आणि घरोघरी एकच काळजी, की आता चार दिवस उघडीप मिळावी. अशा दिवसांत मराठवाड्यातल्या एका मोठ्या धरणाचे दरवाजे उघडले आणि आम्ही घरातले सगळे बघायला निघालो. भिंतीच्या बरंच अलीकडे रस्त्यावर बॅरिकेड लावलेले होते. पुढं जायला मनाई. आमच्या पुढं एक पिकअप उभी होती, त्यातून दहा-बारा माणसं उतरली. त्यांतल्या एका म्हाताऱ्या बाईच्या हातात पितळी ताट होतं. ताटात खण, नारळ, हिरव्या बांगड्या, मूठभर गहू आणि कुंकवाची कुयरी. बंदोबस्तावरच्या जमादाराला ती म्हणाली, "बाबा, पाण्याची ओटी भरायची हाय. दोन मिनिटं सोड."

जमादार म्हणाला, "मावशी, माझ्या हातात असतं तर सोडलं असतं. वरून आदेश हायत."

ती भांडली नाही. रस्त्याच्या कडेनं एक चारी, म्हणजे कालव्याचं पाणी शेतांकडं नेणारा पाट, वाहत होती. कुणीतरी तिला सांगितलं, हे पाणीबी धरणातलंच हाय. तशी ती चारीच्या काठावर बसली, पदर डोक्यावरून घेतला, पाण्याला हळदकुंकू वाहिलं आणि खण-नारळ सोडला. नारळ गवतात अडकून तिथंच डुलत राहिला. तिनं हात घालून तो मोकळा केला. पाण्याची ओढ लागून तो चालता झाला तेव्हाच ती उठली.

त्या दिवसापासून एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. पावसाळ्याच्या शेवटाला भरलेलं धरण बघायला येणारा माणूस आपल्याकडं फक्त गर्दी म्हणून मोजला जातो. त्याला अडवायचं कसं याची बैठक होते, आदेश निघतो, बंदोबस्त लागतो. त्याला दाखवायचं काय, सांगायचं काय, याचा विचार मात्र कुणी करत नाही. मराठवाड्यासारख्या मुलखात ही फार मोठी चूक आहे, असं मला कळकळीनं वाटतं.

ज्यांच्याकडं दर वर्षी नद्या दुथडी भरून वाहतात त्यांना वाटेल, भरलेल्या धरणाचं एवढं काय कौतुक? त्यांनी एकदा गंगाथडीला जुलैत येऊन बघावं. गोदावरीला आमच्याकडं गंगाच म्हणतात. तिथला शेतकरी आधी आपल्या आभाळाकडं बघतो आणि लगेच विचारतो, "नाशिकला कसा हाय?" पैठणला गोदावरीवर असलेल्या जायकवाडी धरणाचं पाणलोट क्षेत्र, म्हणजे ज्या मुलखातलं पाणी त्यात उतरतं तो मुलूख, २१,७५० चौरस किलोमीटर आहे. त्यात येणारं मोठं पाणी नाशिक आणि नगरच्या सह्याद्रीकडच्या पट्ट्यातून उतरतं. पैठणच्या डोक्यावर ढगाचा तुकडा नसताना धरण चढू शकतं, आणि पैठणला धो धो पडूनही ते रिकामं राहू शकतं. गंगापूर, दारणा, भंडारदरा, मुळा ही वरची धरणं ज्यांनी कधी पाहिली नाहीत, त्यांनाही ती किती भरली हे पाठ असतं. नांदूर मध्यमेश्वरच्या बंधाऱ्यातून आज किती सुटलं, यावर चहाच्या टपरीवर तास तास बोलणं होतं. ज्या पाण्याची तीन महिने अशी वाट बघितली, ते आलं की बघायला जावंसं वाटणारच. त्यात १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाची सुट्टी असते. सकाळी झेंडावंदन उरकायचं, भाकरी-ठेचा बांधून घ्यायचा आणि धरणावर जायचं, हा कितीतरी घरांचा शिरस्ता आहे. याला सहल म्हणा, पण हिलस्टेशनला जाण्यासारखी ही सहल नव्हे. दुखण्यातून उठलेल्या माणसाला भेटायला जावं तसं हे जाणं असतं.

आमचं शेत जायकवाडीच्या डाव्या कालव्यावर. २०८ किलोमीटर लांबीच्या त्या कालव्याच्या पार शेवटाकडं, ज्याला आम्ही टेल म्हणतो तिथं. माझ्या वडिलांनी उमेदीची सगळी वर्षं पाणी मागणीचे नमुना ७ चे अर्ज भरले, आवर्तनाच्या, म्हणजे कालव्याला पाणी सुटण्याच्या पाळीच्या, तारखा भिंतीवर कोळशानं लिहिल्या, रात्री कंदील घेऊन चारीवर बसले. पण ज्या धरणाच्या नावानं हे सगळं करत होते, ते त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. पासष्टी उलटल्यावर एका सप्टेंबरात मी त्यांना पैठणला नेलं. धरणाची भिंत सुमारे दहा किलोमीटर लांब आहे. एका टोकाला उभं राहिलं की दुसरं टोक धुरकट रेघेसारखं होत होत संपतं. वडील बराच वेळ पाण्याकडं बघत राहिले. वारा होता, लाटा दगडी पिचिंगवर येऊन फुटत होत्या. मग ते हळूच म्हणाले, "एवढं हाय. मंग आपल्यापर्यंत का येत न्हाई?"

तीस वर्षं चारीवर बसून त्यांनी हा प्रश्न कधी असा विचारला नव्हता. आलं तर आलं, नाही तर नशीब, एवढंच. धरण डोळ्यांनी बघितलं आणि नशिबाचा हिशेबाशी संबंध लागला. माझं सगळं म्हणणं याच एका वाक्यावर उभं आहे. बघितल्यावर माणूस विचारतो. आणि ज्या प्रदेशाचं सगळं राजकारण, शेती, लग्नं आणि कर्जं पाण्याभोवती फिरतात, तिथं माणसांनी विचारणं फार गरजेचं आहे.

आता त्यांना उत्तर कुणी द्यायचं? तिथं कुणीच नव्हतं. फलक होता, "येथे थांबू नये."

सांगण्यासारखं किती आहे! १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्रींनी या धरणाची पायाभरणी केली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींनी लोकार्पण केलं. मधल्या काळात १९७२ चा दुष्काळ येऊन गेला. ज्या जायकवाडी गावाचं नाव धरणाला आहे ते बीड जिल्ह्यात. आधी धरणाची जागा तिथं ठरत होती, पुढं ती पैठणला आली आणि नाव मात्र तेच राहिलं. शंकरराव चव्हाणांनी हा प्रकल्प किती जिद्दीनं लावून धरला हे आमच्या आधीच्या पिढीला ठाऊक होतं, आमच्या मुलांना नाही. पण मला इतिहासापेक्षाही निकडीचं वाटतं ते पाण्याचं साधं गणित. ते कुणी शिकवत नाही, आणि ते ठाऊक नसल्यामुळं आपण दर वर्षी चुकीच्या गोष्टींवर रागावतो आणि बरोबर गोष्टींवर गप्प बसतो.

एक उदाहरण घ्या. धरण ९५ टक्के भरलं असताना पाणी खाली का सोडता, असा संताप गावोगाव असतो. आम्ही तहानलेले आणि हे गंगेत ओततात! संताप समजण्यासारखा आहे. पण कुठल्या तारखेला किती पातळीपर्यंत पाणी धरायचं, याचं प्रत्येक मोठ्या धरणाचं वेळापत्रक ठरलेलं असतं. पाऊस बाकी असेल तोवर वरची थोडी जागा मोकळी ठेवायची, म्हणजे अचानक लोंढा आला तर तो पोटात घेता येतो. पाऊस संपत येईल तशी ती जागा भरू द्यायची. सप्टेंबरचा शेवट म्हणूनच सगळ्यांत अवघड. पोट भरलेलं असतं आणि परतीच्या पावसाचा काही भरवसा नसतो. ऑगस्ट २००६ मध्ये पैठण शहरात पाणी शिरलं ते लोक अजून विसरलेले नाहीत. २०२५ च्या सप्टेंबरअखेरीस जायकवाडीचा विसर्ग, म्हणजे दरवाजांतून सुटणारं पाणी, पुन्हा लाखो क्युसेकच्या घरात गेला (क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट) आणि गोदाकाठच्या गावांवर रात्रीतून सामान हलवायची वेळ आली. धरणाला २७ दरवाजे आहेत. त्यांतले १० ते २७ हे नेहमी चालवायचे, आणि १ ते ९ आणीबाणीचे. 'नऊ आपत्कालीन दरवाजे उघडले' अशी बातमी आली की तिचा अर्थ काय, हे नदीकाठच्या माणसाला कळायला हवं. तो त्याच्या जिवाचा प्रश्न आहे.

दुसरं गणित टक्क्यांचं. जायकवाडीची एकूण क्षमता सुमारे १०२ टीएमसी, त्यातला सुमारे ७६ टीएमसी उपयुक्त साठा आणि २६ टीएमसी मृतसाठा, म्हणजे कालव्यात न उतरणारं तळाचं पाणी. टक्के मोजतात ते उपयुक्त साठ्याचे. पेपरात शून्य टक्के छापून येतं तेव्हाही तळाशी पाणी असतं. दुष्काळात शहरांना तेच उपसून पाजलं जातं. आणि त्याच तळाशी वर्षानुवर्षं गाळही साचतो आहे. एक टीएमसी, म्हणजे एक अब्ज घनफूट, म्हणजे तरी किती? साधारण २,८३२ कोटी लिटर. पाच माणसांचं घर दिवसाला पाचशे लिटर वापरतं असं धरलं, तर एका टीएमसीत दीड लाख घरांचं वर्ष निघतं. आणि ११,५७४ क्युसेकचा विसर्ग दिवसभर चालला की एक टीएमसी पाणी खाली गेलं. हे आकडे फलकावर रंगवायला किती खर्च येईल?

याच गणितात एक आकडा असा आहे, की तो पहिल्यांदा मांडला तेव्हा मी वहीत दोनदा ताळा केला. एप्रिल २०१६ मध्ये मांजरा धरण कोरडं पडलं होतं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. पन्नास वाघिणींच्या एका गाडीत २५ लाख लिटर. ती गाडी स्टेशनात आली तेव्हा माणसं डोळ्यांत पाणी आणून बघत होती. आता धरणाच्या दरवाजांतून एक लाख क्युसेक सुटलेलं असतं तेव्हा एका सेकंदात २८ लाख लिटरहून जास्त पाणी खाली जातं. एका सेकंदात लातूरची एक अख्खी गाडी! दरवाजासमोर उभं राहून, अंगावर तुषार येत असताना हे एकदा ऐकलेला मुलगा घरी जाऊन नळ उघडा ठेवणार नाही, आणि मोठा झाल्यावर लाभक्षेत्राच्या बैठकीत गप्पही बसणार नाही.

शिवाय तारखेचं महत्त्व. पावसाळ्याच्या शेवटाला, १५ ऑक्टोबरला धरणात किती साठा आहे, यावर वरच्या धरणांतून जायकवाडीला पाणी सोडायचं की नाही हे ठरतं. उपयुक्त साठा ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर तुटीची वाटणी करावी लागते. त्यामागं २००५ चा जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा आहे आणि समन्यायी वाटपाचं तत्त्व उचलून धरणारा २०१६ चा उच्च न्यायालयाचा निकाल आहे. म्हणजे ज्या दिवसांत आपण मक्याचं कणीस खात भिंतीकडं बघतो, त्याच दिवसांत आपल्या पुढच्या वर्षाच्या पाण्याचा फैसला होत असतो. हे तिथं कुणीतरी मोठ्यानं सांगायला नको का?

आता सुरक्षेचं बोलू, कारण बॅरिकेड लावणाऱ्यांची बाजू खोटी नाही. पाण्याजवळ दर पावसाळ्यात माणसं जातात. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्यांत मुलं होती. ते दृश्य ज्यांनी पाहिलं त्यांना मनाईचा आदेश काढणाऱ्या अधिकाऱ्याला दोष देववणार नाही. विसर्ग वाढवला की नदीपात्रातलं पाणी बघता बघता चढतं. भोंगा वाजलेला असतो, पण सेल्फीत गुंतलेल्या पोराला तो ऐकू येत नाही. दारूच्या बाटल्या घेऊन येणारी टोळकी असतात, आणि त्यांच्यामुळं लेकीबाळी घेऊन आलेल्या माणसाला अवघडल्यासारखं होतं, हेही खरं. धरण ही मोलाची आणि नाजूक गोष्ट आहे. भिंतीवर वाटेल त्यानं वाटेल तेव्हा फिरावं असं मी मुळीच म्हणत नाही.

पण सरसकट मनाईनं होतं काय ते बघा. बॅरिकेडपाशी परत फिरलेली सगळी माणसं घरी जात नाहीत. निम्मी शेतातल्या पायवाटेनं खाली पात्रात उतरतात, पुलाच्या कठड्यावर बसतात, बुडीताच्या काठच्या चिखलात पोरांना सोडतात. जिथं पोलीस नाही, दोर नाही, दिवा नाही, नेमकी तिथं. मनाईमुळं गर्दी थांबत नाही, ती सगळ्यांत धोक्याच्या जागी सरकते. म्हणून सुरक्षेचीच काळजी असेल तर माणसांना एक चांगली जागा द्यायला हवी. दरवाजे समोरून दिसतील अशा उंचवट्यावर, पात्रापासून लांब, कठडा घातलेली जागा. तिथं स्वच्छतागृह, पिण्याचं पाणी, गाड्या लावायला पटांगण. रोज सकाळी खडूनं लिहिलेला फलक: आजची पातळी, आवक, विसर्ग, हे पाणी कुठल्या गावाला किती वाजता पोचेल. सप्टेंबर-ऑक्टोबरचे सहा आठवडे तिथं दोन माणसं नेमा, जी लोकांना समजावून सांगतील. मला तर वाटतं, ती माणसं धरणग्रस्तांच्या घरांतलीच असावीत.

यावर कुणी म्हणेल, पैसा कुठून आणायचा? पैठणला म्हैसूरच्या वृंदावन गार्डनच्या धर्तीवर ज्ञानेश्वर उद्यान उभं राहिलं होतं. आमच्या शाळेच्या सहली तिथं जायच्या, रंगीत कारंजी बघून पोरं खुळावून जायची. पुढं त्याची रया गेली. उद्यान पुन्हा उभं करायच्या घोषणा ऐकत आमचे केस पिकले, आणि ते व्हावं असं मलाही मनापासून वाटतं. पण कारंजांसाठी कोट्यवधी लागतात, एका फलकाला आणि दोन माणसांना लागत नाहीत. छत्रपती संभाजीनगर इथून पन्नास किलोमीटरवर. त्या शहराला याच धरणाचं पाणी जातं आणि तिथल्या माणसानं नळासाठी दिवसच्या दिवस वाट बघितलेली आहे. धरण भरलेलं असताना नळ कोरडा का, हे त्यानं इथं येऊन विचारावं. उत्तर जलवाहिन्यांत आहे, शुद्धीकरणाच्या क्षमतेत आहे, आणि ते त्याला कळलं तर तो नाशिककरांना शिव्या देण्याऐवजी आपल्या शहराचा हिशेब मागेल.

धरण भरलं की जलपूजन होतं. मान्यवरांच्या गाड्या भिंतीवर जातात, पाण्याला साडी-चोळी वाहिली जाते, पेपरात फोटो येतात. पाण्याला हात जोडणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही. पण त्या वेळी भिंत सुरक्षित असते आणि चारीवर बसून ओटी भरणाऱ्या त्या बाईसाठी नसते, हे मला पटत नाही. वर्षातून एक दिवस, पोलिसांच्या देखरेखीत, पन्नास-पन्नासाच्या तुकड्यांनी, गावोगावच्या बायकांना पाण्यापर्यंत नेता येणार नाही का? वारीत आणि यात्रांत आपण लाखोंच्या रांगा शिस्तीत लावतो. नाथषष्ठीला याच पैठणात दिंड्यांची केवढी गर्दी होते, तिची व्यवस्था होतेच ना?

पक्ष्यांचाही हक्क आहे. नाथसागर, म्हणजे जायकवाडीचा जलाशय, १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. ऑक्टोबर उलटला की दूरदेशीचे पाहुणे उथळ पाण्यात उतरायला लागतात. त्या काठांवर डीजे आणि डिस्पोजल ताटल्या नकोतच. गर्दी भिंतीखालच्या एका ठरलेल्या जागी धरली तर काठ आपोआप मोकळे राहतील.

एक गोष्ट मात्र बघायला येणाऱ्यांनीही करायला हवी, आणि ती मी माझ्या घरापासून सुरू केली आहे. भाद्रपदात धरण बघितलं की वैशाखातही जायचं. पंचावन्न किलोमीटर लांब, सत्तावीस किलोमीटर रुंद असा तो जलाशय, आणि धरणाची उंची एक्केचाळीस मीटर. पसरट परातीसारखं पाणी आहे ते. ऊन ते वरच्या वर उचलून नेतं. पाणी मैलभर मागं सरकलेलं, भेगाळलेल्या गाळावर कुणी टरबुजं लावलेली, आणि मधेच एखाद्या बुडालेल्या गावाचा दगडी चौथरा उघडा पडलेला. या पाण्याखाली शंभराहून अधिक गावांच्या जमिनी गेल्या. टेलच्या शेतकऱ्याला पाणी मिळालं की नाही यावर वाद घालता येईल. त्या गावांनी जमीन दिली, यावर वाद नाही. फलकावर त्या गावांची नावंही लिहा.

वडिलांना घेऊन गेलो होतो त्याच दिवशी परतताना बुडीताच्या काठाला एक म्हातारा भेटला. दोन म्हशी घेऊन उभा होता. वडिलांनी तंबाखूची चंची पुढं केली, दोघं बांधावर टेकले. कोण कुठले विचारून झालं. वडील म्हणाले, आम्ही टेलचे. म्हातारा म्हणाला, "म्हंजी आमचं पाणी तुमच्याकडं येतंय." वडिलांना काय बोलावं कळेना. मग म्हाताऱ्यानं काठीनं पाण्यात लांब कुठंतरी दाखवलं. तिथं नुसत्या लाटा होत्या. "तितं आमच्या गावचा पार हाय," तो म्हणाला. "आता न्हाई दिसायचा. वैशाखात या, चालत जाऊ."